बाविसावं स्तोत्र

निशिगंधाच्या हारांचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. वडील कारखान्यातल्या अपघातात गेले, तेव्हा वाघोलीच्या आमच्या खोलीत शोकप्रार्थनेला हाच वास कोंडला होता. आई बायबलमधलं बाविसावं स्तोत्र वाचत होती. देवा, मला का सोडलंस, असं म्हणताना तिचा आवाज चढला. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला थांबवलं.

"बाई, हे ख्रिस्ताचं दुःख आहे, आपलं नव्हे. आपण तेविसावं वाचा, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, ते धीराचं."

जमलेल्यांनी माना डोलावल्या.

"त्यानं वधस्तंभावरून हेच विचारलेलं चालतं," आई म्हणाली, "आणि मी घरात विचारलं तर पाप?"

तिनं स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटचं आमेनही तिनं एकटीनंच म्हटलं.

आता शोकप्रार्थनेत कुणी मला तेविसावं वाचायला सांगितलं, की मी बाविसावं उघडतो. आवाज चढवूनच वाचतो.