मोटारीची उडी

मोटार सावकाशही सुरू करता येते, हे मला लग्न ठरेपर्यंत माहीत नव्हतं.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. आम्ही सिंदी मेघेला राहत होतो आणि दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, कोणाची तरी वापरलेली चिमुकली मोटार घेतली होती. माझा स्वभाव मुळातच उतावळा. चहा मी उभ्यानं पितो, तोही बशीत न ओतता, आणि मग दिवसभर जीभ पोळली म्हणून कुरकुरतो! मोटारही तशीच हाकायचो. इंजिन बोंबलेपर्यंत एक पाय दाबायचा आणि क्लचवरचा दुसरा फटकन उचलायचा! मोटार अशी उडी घ्यायची की रस्त्यावरच्या कोंबड्या थेट कौलांवर! ("भाऊजी, हे मोटार हाये का माकड?" वहिनी विचारायच्या.)

अशात तळेगावचे काकाजी मला पाहायला आले. मुलगी मी आधीच पाहून आलो होतो आणि तेव्हापासून मला घास गिळवत नव्हता. आता सगळं तिच्या वडिलांच्या, या काकाजींच्या, होकारावर अडलं होतं.

"काकाजीले सबुरीनं फिरवून आणजा," वहिनींनी दारातच बजावलं. पण मला तर छाप पाडायची होती!

"बसा काकाजी! पिपरीपर्यंत जाऊन येऊ. पाहाच कशी सुटते!"

"हां, बसलो बाबू," मागच्या सीटवरून आवाज आला.

मी पाय दाबला, पाय उचलला. मोटार उसळली, मागचं दार धाडकन लागलं आणि पाठीमागे एकच ओरडा झाला, "अवो, थांबा!" (लोक खूश झाले, असं मला वाटलं.)

"घाबरू नोका काकाजी! तुमच्या पोरीले बी असंच झोकात ठेवीन!"

काकाजी गप्प. मी सुटलोच! माझी हुशारी, माझा पगार, माझा शांत स्वभाव, सगळं सांगून टाकलं. वाटेत दोनदा बैलबंडी आडवी आली, दोनदा थांबलो आणि दोनदा तशीच उडी मारली. तरी मागून चकार शब्द नाही. घरंदाज माणूस, म्हटलं.

"पोचलो काकाजी!" पिपरीला मी वळून पाहिलं. सीटवर पानाची चंची होती. काकाजी नव्हते!

सासरा लग्नाआधीच रस्त्यात सांडला! उलटा फिरलो, नाली न् नाली तपासली, कपाशीत शिरून हाका मारल्या. बंडीवाल्याला गाठलं.

"दादा, एक म्हातारा पडलेला दिसला का?"

"नाई बा. कुठं ठेवलता?"

रडवेला होऊन घरी आलो, तर काकाजी ओट्यावर पोहे खात बसलेले! मोटार उभी होती तिथं मातीत त्यांच्या वहाणा नीट जोडीनं ठेवलेल्या.

"घरात काय अन् मोटारीत काय, वहाणा घालून बसाव का? त्या काढाले उतरलो, त तू गेला!"

मी त्यांचे पाय धरले. वहिनी पदराआड हसत होत्या. एवढ्या वेळात त्यांनी काकाजींपुढे माझी सगळी कुंडली मांडली होती, हे उघडच होतं.

काकाजींनी शांतपणे बशी खाली ठेवली. "पोरगी देतो."

मी उडालोच!

"पण वरात बंडीतून निघन."

"काऊन, काकाजी?"

"तू मोटारीत बसून निघून गेला, अन् नवरी मांगं राह्यली, त आमी काय करू?"

वरात बंडीतूनच निघाली. बैलांचा कासरा मात्र कोणी माझ्या हाती दिला नाही.