प्लेटवर न उगवलेली मंडळी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपुढे आणि कपडे धुण्याच्या यंत्रांच्या अलीकडे, एक कायम बंद असलेलं दार आहे. त्यावर जंतू तपासणीच्या प्रयोगशाळेची भारदस्त पाटी आहे. पण अख्खं रुग्णालय त्या खोलीला ‘मळा’ म्हणतं आणि तिथल्या मुख्य तंत्रज्ञांना ‘माळीबुवा’. माळीबुवांचं वय चोपन्न. डोक्यावरचं पीक केव्हाच कापून झालेलं, भुवया मात्र इतक्या दाट की रागावले की आधी भुवया पुढे येतात आणि मग माळीबुवा.

त्यांची शेती अशी : वॉर्डातून कुणाची लघवी, कुणाचं रक्त, कुणाच्या जखमेतला पू असा नमुना यायचा. माळीबुवा तो तारेच्या बारीक कडीनं एका चपट्या, झाकणाच्या प्लेटवरच्या जेलीसारख्या थरावर ओढायचे आणि प्लेट उबदार कपाटात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी त्यावर जंतूंच्या वसाहती उगवलेल्या असत. मग त्याच जंतूंची दुसरी पेरणी करून त्यावर शर्टाच्या बटणाहूनही लहान अशा कागदी चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकती वेगळ्या औषधात भिजवलेली. आणखी एका दिवसानं चकतीभोवती स्वच्छ, मोकळं अंगण दिसलं तर ते औषध लागू. जंतू चकतीला रेलून गप्पा मारत बसलेले दिसले, तर ते औषध पाण्यात.

या जंतूंना माळीबुवा कधी जंतू म्हणत नसत. ‘मंडळी’ म्हणत. “मंडळी आलीत.” “मंडळी आज जरा रुसलेली दिसतात.” नवीन डॉक्टरांना वाटे, यांच्या घरी पाहुणे आलेत. इतका मान कशाला, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, एवढी औषधं पचवून बसलेल्यांना अरे-तुरे करण्याइतके आपण मोठे नाही.

गंमत त्यांच्या बोलण्यात होती, पोटात नव्हती. तीस वर्षं ते पट्टी घेऊन ती अंगणं मोजत होते. जी औषधं त्यांच्या उमेदवारीच्या काळात भलंमोठं अंगण राखून असत, त्यांच्या भोवती आता पाय टेकायला जागा उरली नव्हती. मंडळी सरावली होती. आणि त्यांना सरावाला बसवलं होतं कुणी? माळीबुवांच्या मते, उरलेल्या गोळीनं. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले, माणसानं दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या डबीत टाकल्या, पुढच्या वर्षी भलत्याच दुखण्याला स्वतः खाल्ल्या, राहिलेल्या शेजारणीला दिल्या. उरलेली गोळी ही माळीबुवांची जन्माची वैरीण.

त्यामुळे त्यांचं एक व्याख्यान तयार झालं होतं. चाळीस मिनिटांचं. लग्नात जेवताना शेजारचा नुसता शिंकला तरी ते सुरू व्हायचं आणि कागदी ताटलीवर पेननं आकृत्या पडायच्या. नातेवाइकांनी आपापल्या परीनं उपाय शोधले. ‘माळीबुवा येतायत’ असा फोन आला की लोक जसा पसारा आवरतात तशी औषधांची डबी आवरायचे. दोन-तीन वर्षांत एकाही घरात त्यांना उरलेली गोळी दिसेनाशी झाली. आपण घराणं सुधारलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. घराणं सुधारलं नव्हतं, फक्त भूमिगत झालं होतं.

अशात त्यांची ताई आजारी पडली.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई कामावर जायची म्हणून यांना अंघोळ घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. पुढे ती शर्टांच्या कारखान्यात मुकादम झाली. कॉलर सुताएवढी वाकडी असली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही. या टक्कल पडलेल्या माणसाला जगात फक्त ती ‘छोट्या’ म्हणायची, तेही भर वॉर्डात. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वर एका बाजूला असह्य दुखणं, अशा अवस्थेत तिला भाऊजींनी आणलं. भाऊजी आयुष्यभर घरोघरची विजेची मीटर वाचत फिरलेले. आकडे सोडून फारसं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. आकडा सांगितला : “एकशे तीन. तीन दिवस.”

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई तरुण पण पक्क्या. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालाय आणि तो रक्तात उतरू पाहतोय, असं त्या म्हणाल्या. लघवीचा नमुना खाली मळ्यात पाठवला आणि एक दमदार इंजेक्शन सुरू केलं. दोन दिवस गेले. ताप हलेना, रक्तदाब मात्र हलायला लागला, खालच्या दिशेनं. ताई मधूनच कारखान्यातल्या बायकांना हाका मारू लागली.

आणि माळीबुवांच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तीस वर्षांच्या मळ्यात सख्ख्या बहिणीची प्लेट कोरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. काही उगवत नाही म्हणजे माझाच अंदाज चुकला असेल, त्या म्हणाल्या. दुसऱ्याच आजाराच्या दिशेनं तपास सुरू करते. त्यात दोन-तीन दिवस जातील, पण इलाज नाही. माळीबुवांनी फोन ठेवला. तेवढे दिवस ताईकडे नव्हते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी नमुन्याचा थेंब पसरून केलेली काच त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातली. तिथे मंडळींची ही गर्दी! सभागृह तुडुंब भरलेलं आणि हजेरीच्या कागदावर एकाचीही सही नाही, असला प्रकार. म्हणजे मंडळी होती, पण उगवायची थांबली होती. त्यांना कुणीतरी दाबून धरलं होतं. ताईला चालू असलेलं इंजेक्शन तर नमुना घेतल्यावर सुरू झालं होतं. मग कोण?

त्यांनी फ्रिजमधून नमुन्याची बाटली काढली आणि खिडकीपाशी धरली. रंग नेहमीचा पिवळा नव्हता. कोऱ्या चहासारखा तपकिरी होता. लघवीला असा रंग चढवणारी एक जुनी गोळी असते. मूत्राशयाच्या जळजळीवर देतात. तिचा अंमल मूत्राशयापुरता; तिथलं पाणी ती स्वच्छ करते, पण वर मूत्रपिंडात आणि रक्तात तिचं फारसं काही चालत नाही. म्हणजे खाली फरशी पुसलेली आणि वरच्या मजल्यावर आग लागलेली. नमुना मात्र खालच्या फरशीचा!

माळीबुवा लिफ्टची वाट न बघता दुसऱ्या मजल्यावर गेले. भुवया त्यांच्या एक जिना पुढे होत्या.

ताई त्या वेळी शुद्धीवर होती. घरून आणलेली कुठली गोळी घेतली होतीस का, या प्रश्नाला तिनं कॉलर तपासणाऱ्या नजरेनंच उत्तर दिलं. छे. मुळीच नाही. तू एवढं सांगितल्यावर कोण घेईल? डॉक्टरांनाही तिनं हेच सांगितलं होतं. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. पण जन्मभर मीटरकडे बघितलेली त्यांची नजर दर मिनिटाला उशीजवळच्या चष्म्याच्या डबीवर जाऊन परत येत होती. चष्मा तर ताईच्या नाकावर होता.

चाळीस मिनिटांचं व्याख्यान माळीबुवांच्या घशाशी आलं. पहिलं वाक्य तर दातांपर्यंत. ताईचा हात डबीवर गेला, आणि त्या सुकलेल्या बोटांकडे बघून त्यांना वाटलं, ही तापाला घाबरलेली नाही, मला घाबरली आहे. ते स्टूल ओढून बसले.

“ताई, मी रागावणार नाही.”

“तू असंच म्हणतोस आणि मग पाऊण तास बोलतोस.”

“चाळीस मिनिटं. पण आज एक मिनिटसुद्धा नाही. तू लपवलंस ना, तर मला तुझ्या शरीरात काय चाललंय ते दिसतच नाही गं. मी खाली आंधळा होऊन बसतो.”

ताईनं नाकावरचा चष्मा वर सारला. मग डबी पुढे सरकवली. आत कात्रीनं नीट कापलेले, नाव गेलेले, गोळ्यांच्या पाकिटांचे चौकोन होते. गेल्या वर्षीच्या जळजळीतल्या उरलेल्या. आठ दिवसांपूर्वी पुन्हा जळजळ सुरू झाली तेव्हापासून दोन-दोन घेत होती. इथे दाखल झाल्यावरही, नर्सची पाठ वळली की. इंजेक्शनाला हातभार म्हणून. त्या सकाळची अजून तिच्या मुठीतच होती, ओलसर झालेली.

“तुला कळलं असतं तर सगळ्यांसमोर बोलला असतास,” ती म्हणाली.

 माळीबुवांनी तिच्या मुठीतली गोळी घेतली आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी दुसऱ्या आजाराचा तपास तिथल्या तिथे रद्द केला. दुपारी चार वाजता, गोळीचा अंमल उतरल्यावर, नवा नमुना घेतला. आणि तो घेतल्याबरोबर पहिलं इंजेक्शन बदलून कुलपातल्या कपाटातलं, सगळं हरल्यावर काढायचं म्हणून राखून ठेवलेलं औषध सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर मंडळी हजर. लहान-मोठे, फिकट, गोल ठिपके, दाटीवाटीनं. जंतू उगवले म्हणून एखाद्या भावाच्या डोळ्यांत पाणी यावं, असं मळ्यात पूर्वी घडलं नव्हतं. त्यांनी लगेच चकत्या मांडल्या. वर ताईला नर्सच्या टेबलाशेजारच्या खाटेवर हलवलं होतं, आणि भाऊजी दर तासाला रक्तदाबाचा आकडा चिठ्ठीवर लिहून खाली आणून देत होते. आकडे चांगले नव्हते.

तिसऱ्या सकाळी माळीबुवांनी कपाट उघडलं. प्लेट उजेडात धरली. पहिल्या इंजेक्शनाच्या चकतीला मंडळी रेलून बसली होती. तिच्या शेजारची, तशीच. आणि कुलपातल्या औषधाची चकती? तिच्याभोवतीही अंगण नाही, मंडळी उंबऱ्यापर्यंत. फक्त कडेला, एका जुन्यापान्या इंजेक्शनाच्या चकतीभोवती काहीतरी मोकळं दिसत होतं. त्यांनी पट्टी लावली. एकोणीस. पुन्हा लावली. तेवीस. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोजता येईना.

मळ्यात त्यांच्या जोडीला एक बाई होत्या. वीस वर्षं सोबत, आणि वीस वर्षं यांच्या प्रत्येक मापात चूक शोधण्याची हौस. माळीबुवांनी प्लेटवरचा ताईचा क्रमांक अंगठ्यानं झाकला आणि एवढं एक मोजून द्या म्हणाले.

बाईंनी चष्मा सरळ केला. “एकवीस मिलिमीटर.”

“पुन्हा बघा.”

“एकवीसच. तुम्हाला काय बावीस करून देऊ?”

“नको, नको. एकवीस पुष्कळ झाले,” माळीबुवा म्हणाले आणि फोनकडे धावले. धावताना अंगठा निघाला, बाईंना क्रमांक दिसला, आणि त्यांनी तेच अंगण आणखी दोनदा मोजलं. एकवीस.

डॉक्टरीणबाईंना औषधाचं नाव ऐकून आश्चर्य वाटलं. ते इंजेक्शन गेली कित्येक वर्षं फारसं कुणी मागितलंच नव्हतं. अवघड औषध, मूत्रपिंडं आणि कान दोन्हींवर लक्ष ठेवून, तोलूनमापून द्यावं लागतं. कुणी मागत नव्हतं म्हणूनच मंडळींची त्याच्याशी ओळख राहिली नव्हती. त्या दुपारी ताईला पहिला डोस गेला. दुसऱ्या दिवशी भाऊजींची चिठ्ठी आली : ‘एकशे एक.’ त्याच्या दुसऱ्या दिवशी : ‘नव्व्याण्णव. कंगवा मागितला.’ माळीबुवांनी ती चिठ्ठी तीन वेळा वाचली.

पुढचं सगळं ताईच्या स्वभावाला धरून झालं. पाचव्या दिवशी तिनं आपण बऱ्या झाल्याचं जाहीर केलं आणि पिशवी भरायला घेतली. डोस दहा दिवसांचे होते. माळीबुवांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि एवढंच विचारलं की शर्टाची शिलाई अर्धी झाल्यावर ती कधी गिऱ्हाइकाला देत होती का? तिनं पिशवी खाली ठेवली. रोज सकाळी कान तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना मात्र ती ऐकवायची की ऐकायला येतंय, चांगलं येतंय, तेच तर दुःख आहे.

एवढ्यात बातमी पसरली होती की माळीबुवा रागावले नाहीत. भेटीला येणारे नातेवाईक ताईची विचारपूस दोन मिनिटांत उरकून यांना व्हरांड्यात गाठू लागले. मावशींच्या पर्समध्ये तीन निघाल्या. चुलतभावानं कबूल केलं की तो सर्दीवर कुत्र्याच्या गोळ्या घेतो. मेहुणीकडे तर आजूबाजूच्या चार घरांचा साठा होता. माळीबुवा प्रत्येकाचं ऐकून घेत, ओठ घट्ट दाबत आणि बरं झालं सांगितलंत म्हणत. रक्तदाब आता त्यांचा तपासायची वेळ आली होती.

दहाव्या दिवशी शेवटचं इंजेक्शन झालं. पट्टी चिकटवून नर्स गेल्यावर ताईनं हळूच विचारलं, “छोट्या, खरं सांग. मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तू बोलला असतास ना?”

“हो,” माळीबुवा म्हणाले.

“मग मी लपवलं ते चुकलं नाही.”

“चुकलंच.”

“तुझंही.”

त्यांनी थोडा विचार केला. “माझंही.”

एवढं मिळाल्यावर ताईनं आणखी एक सांगून टाकलं. घरी शिवणाच्या मशीनच्या खणात अजून आहेत. येऊन घेऊन जा. पण बोलायचं नाही.

त्याच संध्याकाळी ताईला रुग्णालयातून सोडलं तेव्हा तेही तिच्या घरी गेले. खण ओढला तर तो निम्माच उघडला. आत इतकं भरलेलं होतं. बॉबिनांखाली गोळ्या, बटणांत गोळ्या, फिकट पडलेल्या, कापलेल्या, चौदा वर्षांच्या. माळीबुवा जमिनीवर मांडी घालून एकेक निवडत पिशवीत टाकू लागले. भाऊजींनी चहा आणून ठेवला आणि लगबगीनं बाहेर गेले. ताई आरामखुर्चीत बसून बघत राहिली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. भुवया खालीवर होत होत्या, कान लाल झाले होते, पण तोंडातून शब्द नाही. वीस मिनिटांनी शेवटी तिलाच करमेना.

“बोल बाबा एकदाचं,” ती म्हणाली, “नाहीतर आता तू आजारी पडशील.”