मालतीचं अजून ठरलं नाही

फोन दुपारी आला. मी स्वयंपाकघरात होते आणि सासूबाई दिवाणखान्यात मटार सोलत बसल्या होत्या. पलीकडून जुन्या शेजाऱ्यांचा, वासुदेवभाऊंचा आवाज आला, "रेखा, काकूले सांग. कुंदा गेली." मी बाहेर येऊन सासूबाईंना तेच शब्द सांगितले. हातातली शेंग तशीच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं गेली?" त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं, त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही. मग मी काही बोलत नाही म्हटल्यावर त्यांना कळलं. शेंग खाली ठेवली. 

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. आमच्या घरात 'कुंदा गेली' या दोन शब्दांचा एक वेगळा अर्थ वीस वर्षं वाट पाहत बसला होता, हे सांगितल्याशिवाय कुंदाताईंबद्दल लिहिता येणार नाही.

मी रायपूरची. लग्न होऊन भिलाईला, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा छत्तीसगड वेगळं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारच्या दाराला बाहेरून कुलूप दिसलं आणि आतून फोडणीचा वास आला. मी सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "वासुदेवभाऊ लावून जातात. चोऱ्या लई होतात ना इकडं." एवढंच. पुढे कळलं, रस्त्यावरच्या सगळ्यांना हे उत्तर पाठ होतं. वासुदेवभाऊ स्टील प्लांटमध्ये दिवसाच्या जनरल शिफ्टला होते. स्कूटर काढायची, कुलूप लावायचं, दोनदा ओढून पाहायचं आणि निघायचं. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त देणारे तेच. बायकोवर, कुंदाताईंवर, त्यांनी कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. उलट दर शनिवारी मार्केटमधल्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानातून तिच्यासाठी चार-चार हिंदी कादंबऱ्या पिशवीतून घेऊन येत. मुखपृष्ठावर पिस्तूल, गुलाब आणि घाबरलेली बाई. आत काय लिहिलंय ते त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. त्यांना भीती होती ती फक्त रस्त्याची.

मागच्या अंगणांमध्ये डोक्याइतकी उंच भिंत होती आणि वर काचा बसवलेल्या. दुपारी दोनच्या सुमारास कुंदाताई त्यांच्या बाजूला स्टुलावर चढायच्या. इकडे सासूबाई, मी आणि पलीकडच्या साहू भाभी बाजेवर बसायचो. मग त्या गोष्ट सांगायच्या. हिंदीत वाचलेली कादंबरी आपल्या भाषेत, हात हलवत, भिंतीवर फक्त मान आणि हात दिसायचे. दुधातलं विष, लपवलेलं मृत्युपत्र, मेलेला समजलेला प्रियकर लग्नाच्या मांडवात परत येतो... साहू भाभी तर तोंडावर पदर दाबून ऐकायच्या. पाच वाजत आले की नेमक्या त्या वळणावर कुंदाताई म्हणायच्या, "बाकी उद्या," आणि स्टुलावरून खाली उतरायच्या. वाचून झालेलं पुस्तक मग काचा सांभाळत माझ्याकडे द्यायच्या, शनिवारच्या आत परत करायच्या बोलीवर.

एका उन्हाळ्यात त्यांनी मालतीची गोष्ट सुरू केली. मालती एका मोठ्या अफसरची बायको, टेकडीवरच्या बंगल्यात राहणारी. नवरा जीव लावणारा. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिची आई आजारी पडली. नवऱ्याने पाठवलं नाही, म्हणून ती न सांगता स्टेशनवर गेली आणि गाडीत बसली. गाडी सुटायच्या आत नवऱ्याने तिला शोधून काढलं आणि हाताला धरून घरी आणलं. आई तिकडे वारली. त्या दिवसापासून बंगल्याच्या फाटकाला कुलूप.

"मारलं काय तिले?" साहू भाभींनी विचारलं. त्या आमच्यात बसून आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायच्या.

"नाही. रडला तो. म्हणे, तू गेली तर मी मरून जाईन."

ही गोष्ट चालू राहिली आठ दिवस, पंधरा दिवस. पुस्तक काही हातात येईना. मी मागितलं, तर कुंदाताई म्हणाल्या, "वाचून राहिली ना अजून." मला राहवलं नाही. भाजी आणायला गेले तेव्हा दुकानदाराला मालती, टेकडी, बंगला, सगळं सांगून विचारलं. त्याने डोकं खाजवलं. असं पुस्तक त्याच्याकडे नव्हतं आणि कधी आलंही नव्हतं. मी घाईघाईने घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या, मानही वर केली नाही. "मले पयल्याच दिवशी समजलं. दुर्गच्या ठेसनवरून त्यानं तिले परत आणलं, तवा मी इथंच होती. तू चूप राह्य. आपल्याले समजलं हे तिले समजलं, तर गोष्ट बंद करून टाकन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं कुलपाबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. मालतीच्या कुलपाबद्दल मात्र आमचं अंगण रोज बोलत होतं.

साहू भाभी एक दिवस चिडल्याच. "भाग काहे नहीं जाती? पागल है क्या!"

"पळून जाईन कुठं ती?" सासूबाई म्हणाल्या. "मायबाप मेले. भाऊ ठेवन का?"

भिंतीवरची मान थोडी पुढे आली. "मंग काय करावं तिनं? तुम्ही सांगा ना, काकू."

सासूबाई कुंदाताईंकडे न बघता, बाजेच्या सुंभाकडे बघत म्हणाल्या, "कुलपाले दोन चाव्या असतात. दुसरी शोधावी अन् शेजारणीपाशी ठेवावी. जावं नाही तर जाऊ नये. पण जाता येते, एवढं तरी मालूम पाहिजे."

त्यानंतर चार दिवस गोष्ट झाली नाही. पाचव्या दिवशी कुंदाताईंनी भिंतीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं आणि खाली उतरल्या. आत पितळेची चावी होती. सासूबाईंनी ती तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "रेखा, उघड." मी पुढच्या बाजूने गेले. चावी दोनदा निसटली. दार उघडलं तेव्हा कुंदाताई आत चप्पल घालून उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. त्यांची उंची मी पहिल्यांदाच नीट पाहिली, माझ्याहून ठेंगण्या होत्या. मार्केटपर्यंत गेल्या, दुकानातली पुस्तकं उभ्याउभ्या चाळली आणि तासाभरात परत आल्या. पुस्तक आणलं नव्हतं, घरात सापडलं असतं ना! आत गेल्या आणि म्हणाल्या, "लाव आता."

मी लावलं. वासुदेवभाऊंसारखं दोनदा ओढूनही पाहिलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जवळजवळ तीन वर्षं, आठवड्यातून एकदा, मी कुंदाताईंना दार उघडलं आणि माझ्याच हाताने पुन्हा बंद केलं. आपण मदत करतोय असं वाटायचं. कधी वाटायचं, आपण तो पिंजरा सहन होईल असा करून देतोय, नाहीतर एखाद्या दिवशी त्या ओरडल्या असत्या, दार बडवलं असतं, रस्ता गोळा झाला असता. खरं काय, मला आजही ठरवता येत नाही. एकदा कुलूप हातात घेऊन मी म्हटलं, "ताई, आज परत येऊ नका ना. पैसे देते, गोंदियाची गाडी आहे." त्या हसल्या. "मालतीचं अजून ठरलं नाही," म्हणाल्या आणि कोपऱ्यावरून वळल्या. मी दारात उभी राहून मनापासून म्हणत होते, येऊ नये... येऊ नये... तासाभरात त्या आल्या.

वासुदेवभाऊ रिटायर झाले आणि त्यांनी भिलाई-तीन या वस्तीत घर बांधलं. ट्रकमध्ये सामान चढत असताना सासूबाईंनी हळूच चावी पुढे केली. कुंदाताई म्हणाल्या, "राहू द्या काकू. तिथलं कुलूप वेगळं हाय."

आम्हीही नंतर नेहरू नगरला आलो. फोन व्हायचे. काही वर्षांनी कळलं की वासुदेवभाऊंना काचबिंदू झाला आणि दोन्ही डोळे गेले. सासूबाई म्हणाल्या, "आता जाईन ती." पण त्या कुठेच गेल्या नाहीत. मी फोनवर एकदा स्पष्ट विचारलं, तर म्हणाल्या, "वीस-पंचवीस वर्षं आत बसून मी फक्त गोष्टी सांगाले शिकली, रेखा. बाहेर जाऊन काय करू?" त्यांच्या बोलण्यात रडणं नव्हतं, म्हणूनच ते ऐकवलं नाही.

गेल्या रविवारी सासूबाईंना घेऊन भिलाई-तीनला गेले. वासुदेवभाऊ खुर्चीत बसले होते, फार वाळलेले. पुतण्या चहा देऊन गेला. ते आपणहून बोलू लागले, "कुंदा रोज दुपारी मले पुस्तक वाचून दाखवे. मंग एक गोष्ट पुस्तकाबिगर सांगे. मालती नावाची बाई होती..."

सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"मी त्या नवऱ्याले एक दिवस शिवी दिली. कुंदा काहीच बोलली नाही. तवा मले समजलं." त्यांचे डोळे भिंतीकडे होते. "शेजारीण कुलूप उघडते, तिथवर सांगितलं तिनं. शेजारीण कोण, ते मी विचारलं नाही."

"मी होती," मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली, बस्स.

एक मालगाडी गेली आणि घरातली सगळी दारं एकदम थरथरली. तेव्हा माझं लक्ष गेलं. पुढच्या दाराला, मधल्या दाराला, संडासाच्या दाराला सुद्धा कडी नव्हती. जिथे असायला हवी तिथे स्क्रूची भोकं तेवढी होती, वर रंगही दिलेला नव्हता. मी दारापाशी जाऊन थांबल्याचं वासुदेवभाऊंना बहुधा पावलांवरून कळलं. "माझे डोळे गेले त्याच वर्षी कुंदानं सुतार बोलावला. एकूण एक कडी काढाले लावली. पुतण्या म्हणते, लावून देतो, चोर येतीन. मले भीती वाटते बेटा, लई वाटते... पण मी नाही म्हटलं."

निघताना सवयीनं मी दार मागे ओढून घेतलं. हात कडी शोधत वर गेला आणि नुसत्या लाकडावरून फिरला. आम्ही फाटकापर्यंत पोचलो तोवर ते दार आपोआप पुन्हा उघडलं होतं.