डावीकडची पाकळी

विज्ञान आणि अध्यात्म यांचा मेळ बसतो का, यावर आपल्या या ग्रुपवर कायम वाद चालतात. मी आजवर एकाच बाजूने लिहीत आलो. ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. कौल, अंगात येणं, भानामती... सगळ्यांवर माझं उत्तर तयार असायचं. यावेळी ते उत्तर पुरेना, म्हणून लिहितोय.

आमचं गाव घाटनांदूरजवळ. आई-वडील वर्षानुवर्षं कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, म्हणून आमच्या घरात पहिली डिग्री आली. वडील आता नाहीत. दिवाळीनंतर आई पोटदुखीने आडवी पडली. पित्ताशयात खडे, सूज वाढलेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला उशीर केला तर जिवावर बेतेल.

आई तयार होईना.

"आमच्या टोळीतल्या कितीक बायांच्या पिशव्या काढल्या, असंच भेव घालून," ती म्हणाली. "चांगल्या धडधाकट बाया व्हत्या. मी देवीला कौल लावते. ती म्हणंल तसं."

टोळीतल्या बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली गेली होती, ती खोटं बोलत नव्हती, त्यामुळे मला वाद घालता येईना.

आमच्याकडे गावाबाहेरच्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची ओली पाकळी चिकटवतात आणि मनातल्या मनात प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर 'होय', डावी पडली तर 'नाही'. मला पहिल्यापासून संशय गुरवाचा. पाकळी किती ओली करायची, हे त्याच्याच हातात!

"मामा, आज पाकळ्या मी लावतो," मी म्हणालो.

"कावून? इश्वास न्हाई व्हय सर माझ्यावर?" गुरव हसला. "लावा की. पण देवी हाय ती. तुमच्या वर्गातलं पोरगं न्हाई, तुमी म्हणाल तसं ऐकायला."

खरं सांगतो, मला ऑपरेशनला 'होय'च हवं होतं. डावी पाकळी मी ताज्या ओल्या शेंदरात अंगठ्याने दाबून बसवली. उजवीला नुसतं पाण्याचं बोट लावलं... जेमतेम टेकलेली. सकाळची वेळ, वाऱ्याची झुळूकही नव्हती. गुरव बाहेर पायरीवर बसला होता. आईने हात जोडले, डोळे मिटले.

आणि डावी पडली.

मी उगीच उजव्या पाकळीवर हलकी फुंकर मारली — ती लगेच खाली आली. म्हणजे माझी मांडणी बरोबर होती!

"माय, हे काही खरं नसतं..." मी सुरू केलं. आईने डावी पाकळी उचलून कपाळाला लावली आणि पदराच्या गाठीला बांधली.

"चल, गाडी बोलाव."

"कुठं?"

"दवाखान्यात. आन् कुठं?"

"अगं, पण डावी पडली ना!"

"मंग? मी इचारलं, तिथं माझ्या जिवाला काही व्हईल का. न्हाई म्हणली ती."

माझी युक्ती चालली असती, तर आई तशीच घरी परतली असती.

ऑपरेशन झालं. पित्ताशय फुटायच्या बेतात होतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आई आता बरी आहे, भाकरी खाते, माझ्यावर ओरडते.

पण माझा संशय जात नाही. घरी दगडाला शेंदूर फासून मी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. डावी एकदाही आधी पडली नाही. मग वाटलं, मी पाकळी अंगठ्याने दाबताना आईने पाहिलं असेल. माझ्यासाठी, किंवा स्वतःच्या समाधानासाठी, तिने प्रश्न नंतर बदलला असेल.

परवा ती अंगणात लसूण सोलत होती. मी विचारलंच, "माय, खरं सांग. तू आधीपासून हेच विचारलं होतंस?"

तिने मान वर केली नाही. "आधी तू खरं सांग. पाकळ्या तू कावून लावल्यास?"

मी शेजारी बसून लसणाचा एक गड्डा सोलायला घेतला.

समजा, तिने प्रश्न बदलला. तरी शेंदरात दाबलेली पाकळी सुटली आणि टेकलेली राहिली, ती कशी? फिजिक्सवाल्यांनी सांगावं. अध्यात्मवाल्यांनीही सांगावं... पण मी दोघांचंही तपासल्याशिवाय मानणार नाही.