सुतकातली पोथी

निवृत्तीला पाच वर्षं झाली, तरी रामघाटावरचं ते प्रकरण मनातून जात नाही. तुम्ही नातवंडं दूर आहात, म्हणून लिहून ठेवते. नावं घेत नाही.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याची प्रमुख होते. सकाळची हजेरी आटोपली आणि घाटावरचा न्हावी दारात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"मैडमजी, गुरुजी का अँगूठा नीला था. अर्थी पर देखा. मरने से दो दिन पहले दाढ़ी बनाई थी, तब साफ था."

गुरुजी म्हणजे गल्लीतले म्हातारे वेदपाठी, चार दिवसांपूर्वी वारलेले. धाकटा मुलगा त्यांच्याजवळ राहायचा, थोरला पुण्याला. घर धाकट्याला दिल्याचं मृत्युपत्र त्याने दाखवलं होतं. त्यावर सही नव्हती, अंगठा होता, आणि तारीख महिन्यापूर्वीची. थोरल्याने तक्रार दिली. देह मणिकर्णिकेवर जळून गेलेला. हाती न्हाव्याचा जबाब तेवढा.

धाकट्याला बोलावलं. दरडावलं नाही. समोर चहा ठेवून आपण गप्प बसलं, की खोटं बोलणाऱ्याला ती शांतता सोसत नाही.

"वडील सही करायचे. मग अंगठा का?"

"हात थरथरायचे त्यांचे."

"आणि महिन्यापूर्वीची शाई तिरडीवर कशी आली?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "ते गेल्यावर उठवला, बाई. बारा वर्षं त्यांचं सगळं मी केलं. दादा फोनवर म्हणाला, आल्यावर घर विकायचं बघू. बायकोमुलांना घेऊन मी कुठे जाणार? बाबांना विचारलं, की म्हणायचे, तुला घाई झालीय का?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून झडती घेतली. शाईचा पॅड मिळाला. पोथ्यांकडे वळले तशी धाकटी सून आडवी आली.

"त्यांना शिवू नका. सुतक आहे, आम्हीसुद्धा हात लावलेला नाही."

"सुतक तुम्हाला. मला नाही."

हात धुऊन पंचांसमोर रोजच्या पाठाची पोथी सोडली. लाल फडक्यात लिफाफा होता. नोंदणी केलेलं मृत्युपत्र, खाली गुरुजींची स्वच्छ सही. पोथ्या थोरल्याला. घर धाकट्याला.

साक्षीदार दोघे जुने स्नेही. म्हणाले, "तेराव्यापर्यंत बोलू नका, मुलं पोथी उघडतीलच, असं गुरुजींनी सांगितलं होतं." जन्मभर लोकांना सुतकाचे नियम सांगणारा माणूस स्वतःचं सुतक विसरला.

धाकट्याने कागद दोनदा वाचला. मग रिकाम्या खाटेकडे पाहून म्हणाला, "एकदा सांगायचं तरी."

बनावट दस्तऐवजाचा गुन्हा घडला होताच. घर त्याचंच होतं, आणि त्या घरातून मी त्याला घेऊन निघाले. तेराव्याला थोरला एकटाच पाटावर बसला.

गुरुजींची वाटणी चुकीची नव्हती. ती मुलांना समोर बसवून वाचून दाखवायला हवी होती. भांडणं व्हायचीच असतील, तर आपल्या देखत व्हावीत. निदान आपल्याला उत्तर देता येतं.

या दिवाळीला तुमच्या बाबांना आणि आत्याला बोलावलं आहे. माझं मृत्युपत्र मी मोठ्याने वाचणार आहे. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, सणाला हे अभद्र कशाला?"

मी म्हटलं, "तिकीट काढ."