कंडम कोण म्हणालं?

माझ्या बायकोचे थोरले मामा हयात आहेत तोवर आंबी गावातली एकही वस्तू मरू शकत नाही. मामा अठ्ठावीस वर्षं फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. तिथे गाडी भंगारात काढायची तर आधी साहेबलोकांचं बोर्ड बसतं, सह्या होतात आणि मगच ती कंडम ठरते. त्यामुळे तुमच्याआमच्यासारख्या सिव्हिलियन माणसाने कशालाही उठसूट कंडम म्हटलं, की मामांच्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या तळेगावच्या घरी मी एकदा मिक्सरला तसं म्हणून बसलो. "जावईबापू, कंडम कोण म्हणालं? बोर्ड बसलं का?" असं दरडावून मामांनी तो जेवणाच्या टेबलावरच खोलला. आता तो चटणी झकास वाटतो, फक्त आधी त्याला डाव्या बाजूने एक चापट मारावी लागते.

बरं, हा माणूस एका जागी टिकेल तर शपथ. चहा उभ्याने, पेपर चालता चालता, आणि जेवताना कुठे पंखा कुरकुरला की हात धुऊन थेट स्टुलावर. नवलाख उंबरे गावी पुतणीच्या लग्नात मंडपातले दिवे जरा फडफडले आणि मामा गायब! त्या लग्नाच्या अल्बममध्ये मामांचे फक्त पाय आहेत. उरलेले मामा जनरेटरखाली आहेत. रविवारी तर ते पाण्याचा कॅन आणि पान्हे घेऊन लोणावळ्याच्या जुन्या रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, कारण चढावर पर्यटकांच्या गाड्या तापतात. इकडे मामी ताट झाकून बसलेल्या असायच्या.

या सगळ्या धावपळीत मामींचा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. मामा उसळले. "खोलून न बगता डायरेक नवा पार्ट? आमच्या वर्कशॉपात असं कुणी बोललं असतं तर उस्तादानं उभा सोलला असता!" मग वर्षभर त्यांनी स्वतःच इलाज केले. तेलं चोळली, पट्टे बांधले, आणि शेवटी जुन्या स्कूटरचे शॉकॅब्सॉर्बर लावून मामींसाठी खास स्टूल बनवलं. मामी त्यावर टेकल्या आणि चारदा खालीवर झाल्या. "अवो, मी काय जत्रंत आलेय व्हय?" आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मामी हसल्या नाहीत. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

आणि एका सकाळी भाजी निवडायला बसलेल्या मामी उठेचनात. मी आणि मामांनी धरून उठवलं, तर कळवळून रडायलाच लागल्या. "मला कंडम म्हणा न्हाईतर काय बी म्हणा, पर ह्यातनं सोडवा आता," म्हणाल्या. मामांनी वाद न घालता त्याच दिवशी ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरचं दार लागलं आणि मामांकडे बघवेना. त्यांनी लिफ्टच्या दाराची खडखड ऐकून घेतली, कूलरचा गळका नळ आवळला, दोनदा थिएटरच्या दाराला कान लावला आणि दोनदा सिस्टरची बोलणी खाल्ली. "आत हत्यारं वाजत्यात, अन् मी भाईर," एवढंच पुटपुटत येरझाऱ्या चालल्या होत्या. काही बरंवाईट झालं तर, हा विचार माझ्याही डोक्यातून जाईना. अचानक मामा माझ्यासमोर थांबले.

"जावईबापू, तीन तास झालं. मला बसवंना, उभं ऱ्हावंना. मी फौजेत व्हतो तवा हिनं अठ्ठावीस वर्सं कशी काडली असतील?"

चहा आणतो म्हणून मी तिथून उठलो.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मामींना घरी आणल्यावर मामांनी तोच प्रश्न त्यांना माझ्यादेखत विचारला.

"मोजली न्हाईत, म्हणून निगाली," मामी म्हणाल्या. मग अगदी हळू, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "पर रिटायर हून आल्यावर तरी तुमी घरात कुटं व्हता?"

मामींच्या पायाखालची उशी चांगली नीट होती, ती मामा पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.