तीन ग्लासांतलं यीस्ट

सत्तरचं दशक सरता सरता मी नागपूरच्या एका बेकरीतली नोकरी सोडून तळेगावला परत आलो आणि घरामागच्या जागेत स्वतःच्या हाताने भट्टी बांधली. बसस्टँडवरचा हॉटेलवाला हे माझं एकच मोठं गिऱ्हाईक. अमरावतीची बस थांबली की उतारू चहासोबत पाव मागत. त्याने पाव घेणं बंद केलं असतं तर भट्टी थंड पडली असती आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभा राहिलो असतो.

नेमका मे महिन्यात पाव फुगेनासा झाला. मैदा तोच, मळणारा मीच, फक्त यीस्टचा डबा नवा. हॉटेलवाल्याने एक पाव टेबलावर आपटून दाखवला.

"यानं तं खिळा ठोकता येते, भाऊ. बाजाराच्या दिवशीही असाच आणला तर मी अमरावतीहून मागवतो."

बाजार परवावर आला होता. सकाळच्या बसने मी नागपूर गाठलं. ज्या दुकानदाराकडून यीस्ट घेतलं होतं, तो गादीवर पंख्याखाली बसला होता.

"तुमचं यीस्ट मेलेलं निघालं," मी म्हणालो.

"माल चांगला हाय. तुह्या हातालेच गुण नाई, त्याले मी काय करू?"

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. नागपूरच्या त्या बेकरीत रोज पोतंभर मैदा याच हातांनी मळला होता. डोकं तापलं, पण भांडायला यीस्ट हाती आल्यावरही वेळ होता. शेजारच्या चहावाल्याकडून तीन ग्लास आणले, बोटाला सहज सोसेल इतकं कोमट पाणी भरलं आणि गूळ विरघळवून ते गादीसमोर मांडले.

"इथंच संसार मांडून राह्यला का?"

"डबे उघडा. ज्याले फेस येईन तेच नेतो."

दुकानात चार माणसं उभी होती, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. पहिल्या ग्लासातलं यीस्ट गाळासारखं तळाशी बसलं. दुसऱ्यात दोन-चार बुडबुडे आले आणि विरले. मी गादीमागे गार राहावा म्हणून ओल्या पोत्याखाली ठेवलेल्या डब्याकडे बोट दाखवलं.

"तो मोठ्या बेकरीवाल्यांचा हाय."

"अन् मी काय भातुकली खेळतो?"

तिसऱ्या ग्लासात आधी काहीच झालं नाही. दुकानदार मिशीत हसू लागला. मग पाणी गढुळलं, वर साय धरावी तसा फेस जमला आणि काठावरून गादीवर ओघळला.

"मलेही त्यातलंच द्या," मागून एक गिऱ्हाईक म्हणालं.

दुकानदार ओशाळला, पण हार मानणारा नव्हता. "तुमच्या जिल्ह्यात दारूबंदी. एवढा फेस पाहून मले वाटते, तू पावाच्या नावाखाली दुसरंच काई बनवून राह्यला."

सगळे हसले. मीही हसलो, आणि तो हसण्यात गुंतला होता तोवर भाव पाडून घेतला. मेलेल्या डब्याची भरपाई वेगळी.

परतीच्या बसमध्ये डब्याला ओलं फडकं गुंडाळून तो मांडीवर धरला. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "औषध हाय का रे, बापू?"

"हो आजी. पावाचं."

बाजाराच्या दिवशी हॉटेलवाल्याने पाव अंगठ्याने दाबला. तो पुन्हा वर आला. त्याने आणखी एक दाबला, मग तिसरा.

"आता खिळे कायनं ठोकू?" तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून दोन टोपल्या आणायला सांगितल्या.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम एक पाव नागपूरला नेला आणि दुकानदाराच्या गादीवर ठेवला. माझ्या हाताबद्दल तो काय बोलतो, ते मला ऐकायचं होतं. त्याने चहा मागवला, पाव बुडवून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला आणि तोंड पुसलं.

"पाह्य, म्हटलं होतं ना, माल चांगला हाय."

मी शेजारच्या चहावाल्याला हाक मारून कोमट पाण्याचे तीन ग्लास मागवले.